हिवाळ्यात तीन दिवस: इंदूर की बडोदे?

डिसेंबर-जानेवारीत तीन दिवस हाताशी आहेत, बघायचंही आहे आणि मनसोक्त खायचंही आहे, तर मुंबई-पुणेकरांना दोन शहरं सोयीची पडतात: होळकरांचं इंदूर आणि गायकवाडांचं बडोदे. मराठी दोन्हीकडे कानावर पडतं, शाकाहारी माणसाची दोन्हीकडे चंगळ होते. इंदूरची खरी मजा रात्री दहानंतर असते, तर बडोद्याची सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. निवड बहुतेक इथेच होते.

बडोदे जवळ आहे. मुंबईहून वंदे भारत किंवा शताब्दीने चार-पाच तास लागतात. इंदूरची अवंतिका एक्स्प्रेस रात्रभर चालते, त्यामुळे एका रात्रीचं हॉटेल वाचतं. इंदुरात रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, कधी त्याखालीही जातो. तिथलं खाणं उघड्यावर, उभ्याने आणि उशिरा असल्यामुळे स्वेटर-कानटोपी हवीच. बडोद्यात थंडी कमी असते.

इंदूरची सकाळ पोहे-जिलबीची. पोहे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेत ठेवलेले असतात, म्हणून तेल कमी आणि दाणा मऊ. वर शेव, कांदा आणि जिरावण मसाला. आपल्या कांदेपोह्यांशी ताडून बघू नका, पदार्थच वेगळा आहे.

हिवाळ्यात जायचं खरं कारण म्हणजे गराडू. हा कोनफळाच्या जातीतला कंद थंडीतच मिळतो. फोडी तळून ठेवतात आणि गिऱ्हाईक आलं की पुन्हा कढईत सोडतात. वर जिरावण आणि लिंबू. दुसऱ्यांदा तळल्यावरच बाहेरून कुरकुरीत आणि आतून भुसभुशीत होतो. वर ठेवलेला तसाच उचलून दिला तर चिवट लागतो, तेव्हा ‘फिर से तल दीजिए’ म्हणायला संकोच करू नका.

गराडू खायचा सराफ्यात. दिवसा ही सोन्याचांदीची पेठ असते. पेढ्या बंद झाल्या की त्यांच्या पायऱ्यांपुढे खाण्याचे ठेले लागतात. नवख्या माणसाच्या इथे दोन चुका ठरलेल्या. एक, आठला पोचणं. तेव्हा ठेले नुकते मांडले जात असतात. दुसरी, हॉटेलात जेवून निघणं. चौघांत एक प्लेट घ्या. आधी गराडू, मग भुट्ट्याचा कीस (किसलेला मका तूप-दुधात शिजवलेला), मग दहीवडा, शेवटी मालपुआ किंवा जलेबा (भली मोठी जिलबी). एक जलेबा चौघांना पुरतो. शनिवारी गर्दीत प्लेट धरायला जागा मिळत नाही, मधला वार गाठा. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं सोबत असतील तर संध्याकाळी छप्पन दुकान ही खाऊगल्ली बरी. तिथे वाहनं आत येत नाहीत आणि बसायलाही मिळतं.

बघण्यात मात्र इंदूर शहर अर्ध्या दिवसात उरकतं. राजवाडा सात मजली, खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. १९८४च्या आगीत बराच भाग जळाला आणि मागची बाजू नंतर पुन्हा उभारली, त्यामुळे नजर दर्शनी भागावर ठेवा. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या (होळकरांची स्मारकं) आणि काचमंदिर तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. खरं वैभव बाहेर आहे: महेश्वर किंवा मांडू, दोन्ही साधारण ९० ते १०० किलोमीटरवर. एका दिवसात एकच करा, आणि त्याच रात्री सराफा ठेवू नका; दमून परतल्यावर कोणी उठत नाही.

बडोद्यात उलट आहे, शहरातच दोन दिवस भरतात. लक्ष्मी विलास राजवाडा १८९० साली पूर्ण झाला; आराखडा चार्ल्स मँटचा, काम तडीस नेलं रॉबर्ट चिझमने. आत फोटो काढू देत नाहीत. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं बघायची तर आवारातलं फत्तेसिंह संग्रहालय चुकवू नका. सयाजीबागेतल्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा आणि इजिप्तची ममी आहे, मुलं तिथून हलत नाहीत. गायकवाडांच्या स्मारकात, म्हणजे कीर्ती मंदिरात, नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत. दिवाण भाऊ तांबेकरांचा वाडा बाहेरून साधा दिसतो, पण वरच्या मजल्यांच्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत. मराठी माणसाने हा वाडा टाळला तर आम्हाला खरंच वाईट वाटेल. चांपानेर ५० किलोमीटरवर आहे. एकता पुतळा (स्टॅच्यू ऑफ युनिटी) सुमारे ९०वर, पण राजवाड्याप्रमाणे तोही सोमवारी बंद. शनिवार-रविवार-सोमवार अशी सुट्टी असेल तर बडोद्याचा एक दिवस वाया जातो.

खाण्यात सकाळी शेव-उसळ: वाटाण्याची उसळ, भरपूर शेव, पाव, तर्री वेगळी मागा, ती जहाल असते. दुपारी उंधियू. सुरती पापडी, कंद, रताळं, वांगी आणि मेथीचे मुठिये असलेला हा पदार्थ तेलात मुरवलेला असतो, म्हणून रात्री जड पडतो. पुऱ्यांसोबत दोघांना पाव किलो पुरे. लीलो चेवडो आपल्या चिवड्यासारखा कोरडा नसतो, ओलसर असतो. घरी न्यायचा तर निघण्याच्या दिवशीच घ्या.

१४-१५ जानेवारीचं गणित वेगळं. उत्तरायणात सारं बडोदे गच्चीवर असतं आणि दुकानं बहुतेक बंद. पतंगांसाठी जायचं तर गच्ची वापरू देणारं हॉटेल आधीच ठरवा. मांज्याने गळा कापतो, त्या दिवसांत दुचाकी भाड्याने घेऊ नका.

आईवडील किंवा लहान मुलं बरोबर असतील तर आम्ही बडोदे सुचवू. जागरण सोसणाऱ्या मित्रमंडळींना बेधडक इंदूर. पाच दिवस असतील तर दोन्ही जमतात, कारण अवंतिका बडोद्यावरूनच जाते. तिथे ती मध्यरात्रीच्या सुमारास येते, म्हणून आरक्षण करताना बडोद्यातून सुटण्याची तारीख नीट तपासा. एका दिवसाच्या फरकाने गाडी चुकते ती इथेच.