क्लाउडवरच्या हिशेबांना कुलूप: व्हेराक्रिप्ट की क्रिप्टोमेटर?

क्लाउड सेवा आपला डेटा एन्क्रिप्ट करूनच, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात ठेवते हे खरे, पण किल्लीही बहुधा तिच्याकडेच असते. अशिलांचे पॅन, बँक स्टेटमेंट आणि टॅलीचे बॅकअप सांभाळणाऱ्या आमच्या चार जणांच्या करसल्लागार कार्यालयाला ती किल्ली स्वतःच्या हाती हवी होती. म्हणून मी आधी दीड वर्ष व्हेराक्रिप्ट हे एन्क्रिप्शनचे सॉफ्टवेअर वापरले आणि मग क्रिप्टोमेटर या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे वळलो. दोन्हींचा सोर्स कोड खुला आहे, दोन्हींत २५६ बिटांचे एईएस हे एकाच प्रकारचे एन्क्रिप्शन मिळते. तेव्हा कुलपाच्या मजबुतीवरून निवड करण्यात फारसा अर्थ नाही.

व्हेराक्रिप्टच्या एकाच मोठ्या कंटेनरमध्ये, म्हणजे पासवर्ड दिल्यावर ड्राइव्हसारख्या उघडणाऱ्या एका फाइलमध्ये, सगळे बंद होते आणि आत किती फायली आहेत याचाही बाहेरून पत्ता लागत नाही. क्रिप्टोमेटर प्रत्येक फाइल वेगळी एन्क्रिप्ट करतो. नावे झाकली जातात, मात्र फायलींची संख्या, साधारण आकार आणि बदलाची वेळ दिसत राहते. निव्वळ गुप्ततेत व्हेराक्रिप्ट सरस, हे मला मान्य आहे.

माझे मन फिरले ते जीएसटीआर-३बी या जीएसटी विवरणपत्राच्या मुदतीच्या आदल्या संध्याकाळी. कंटेनरमधली एक्सेल शीट पुरी करून मी ड्राइव्ह डिसमाउंट केला, म्हणजे कंटेनर बंद केला, आणि घरी जेवण आटोपून लॅपटॉप उघडला, तर समोर तीन दिवसांपूर्वीचे आकडे. आत काहीही बदलले तरी कंटेनरवरची तारीख-वेळ जुनीच ठेवायची, ही व्हेराक्रिप्टची मूळ सेटिंग आहे. कंटेनरला कधी हात लागला हे कोणाला कळू नये, हा त्यामागचा हेतू. बदललेल्या फायली क्लाउडवर चढवणारा आमचा सिंक प्रोग्राम नेमका त्या वेळेवरच विसंबणारा, त्यामुळे त्याच्या लेखी काही घडलेच नव्हते. सेटिंग आधी पाहिली नाही, ही चूक माझीच. ती बंद केल्यावर मात्र एका आकड्यासाठी २० जीबीची अख्खी फाइल पुन्हा वर चढू लागली, आणि दोघांनी एकदम कंटेनर उघडला की त्याच्या दोन प्रती होऊ लागल्या.

क्रिप्टोमेटरमध्ये बदललेली तेवढीच फाइल वर जाते आणि मोबाइलवरूनही उघडता येते. टॅलीचा चालू डेटा मी त्यात ठेवत नाही, फक्त बॅकअप ठेवतो. एकट्याने काम करणाऱ्याला किंवा जुनी वर्षे हार्ड डिस्कवर बंद करून ठेवणाऱ्याला व्हेराक्रिप्ट कदाचित अधिक सोयीचे वाटेल; त्या कामासाठी मीही अजून तेच वापरतो. निवड कोणतीही असो, पासवर्ड हरवला तर तो दोन्हीकडे कोणीही काढून देऊ शकत नाही. क्रिप्टोमेटरची, नवा पासवर्ड ठेवू देणारी ४४ शब्दांची रिकव्हरी की मी त्यासाठी कागदावर छापून घेतली आहे. ती कार्यालयात नाही, घरच्या गोदरेजच्या कपाटात आहे.