बाबांसाठी पाहिलेली तीन शुश्रूषागृहं: तळ्याकाठचं, बंगल्यातलं आणि हॉस्पिटलला लागून असलेलं

नावं देणार नाही. शहर लहान, शुश्रूषागृहं तीनच आणि तिन्हीकडे जाणारा फिजिओथेरपिस्टही एकच. इथल्या माणसाला कुठलं कोणतं ते दोन ओळींत ओळखू येईल आणि बाहेरच्याला नाव कळून काही फायदा नाही.

बाबा ऐंशीच्या आसपासचे. पक्षाघातात उजवी बाजू गेली, बोलणं मोडकंतोडकं झालं, पण कळतं सगळं. पलंगावरून खुर्चीत आणायला दोन माणसं लागतात, पातळ काही गिळताना ठसका लागतो, रात्री झोप तुटक. घरी सांभाळता सांभाळता आईची कंबर कामातून गेली, तेव्हा शोध सुरू झाला. दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी बार्थेल इंडेक्सचा कागद हातात दिला होता. १९६५ सालची पद्धत आहे ही: जेवण, अंघोळ, संडास, कपडे, चालणं, जिना अशा दहा गोष्टी माणूस स्वतः किती करतो त्याचे शंभरपैकी गुण. बाबांचे पस्तीस. तो कागद मी तिन्ही ठिकाणी पुढे केला. बंगल्यातल्या सिस्टरने चष्मा लावून तो ओळ न् ओळ वाचला आणि विचारलं, "डावा हात कितपत चालतो? चमचा धरतात का?" तळ्याकाठच्या मॅनेजरने विचारलं, "बेडरिडन ना? मग दुसरा मजला." हॉस्पिटलवाल्यांनी कागदाची झेरॉक्स काढून फाइलला लावली, विचारलं काहीच नाही.

माझी नोकरी बँकेत अंतर्गत तपासणीची. मॅनेजर सांगतो ते ऐकून घ्यायचं आणि रजिस्टर उघडायचं, ही हाडात मुरलेली सवय. इथे तीच कामाला आली.

तळ्याकाठचं दिसायला एक नंबर. नवी इमारत, काचेचं स्वागतकक्ष, प्रत्येकाला स्वतंत्र खोली, घरच्यांना मोबाइलवर रोज फोटो. आमचा दादा पायरी चढतानाच पटला होता. वहिनीने खिडकीतून तळं पाहिलं आणि तीही पटली. मी एका खोलीत पलंगाच्या पायथ्याशी लटकवलेला कूस बदलण्याचा तक्ता पाहत उभी होते. दर दोन तासांचा रकाना, समोर सही. घड्याळात अडीच वाजले होते आणि चार आणि सहाच्या रकान्यांत सह्या झालेल्या. एकच पेन, एकच तिरपा फटकारा. सिस्टरला विचारलं तर म्हणाली, "कालचा असेल तो." वर तारीख आजची होती.

हे एवढं लावून का धरलं ते सांगते. झोपून असलेल्या माणसाची माकडहाडावरची, टाचांवरची कातडी हाड आणि गादी यांच्यामध्ये दाबली जाते. तिथलं रक्त थांबतं आणि काही तासांत आतून नुकसान सुरू होतं. पहिली खूण म्हणजे बोटाने दाबलं तरी न जाणारा लालसरपणा. सावळ्या कातडीवर तो धड दिसतही नाही, हात लावूनच बघावं लागतं: जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागते का. म्हणजे रोज कुणीतरी उघडून बघायला हवं, टाचेखाली हात घालायला हवा. दोन तास हाही काही दगडावरचा नियम नाही. गादी चांगली असेल आणि कातडी धड असेल तर अंतर वाढवता येतं, पण ते माणसाला बघून ठरवायचं. आगाऊ सह्या करून कातडी वाचत नाही.

"आमच्याकडे कुणी पडत नाही," असंही तिथे अभिमानाने सांगण्यात आलं. इतकी म्हातारी माणसं एका छपराखाली आणि कुणीच पडत नाही, याचे अर्थ दोनच. एक तर पडल्याची नोंद होत नाही, नाहीतर माणसं जागची हलूच दिली जात नाहीत. खाली एका आजोबांच्या मनगटाला पट्टी बांधून ती पलंगाच्या कठड्याला गुंडाळलेली होती. "सलाइन ओढतात म्हणून," असं उत्तर आलं. सलाइन कुठे दिसली नाही. कठड्यांचंही तसंच. घरच्यांना तो पाहून बरं वाटतं, पण भांबावलेला माणूस कठड्यावरून पलीकडे जायला बघतो आणि मग पलंगापेक्षाही जास्त उंचीवरून पडतो.

बंगल्यात पडझडीची वही मागितली तर काही न बोलता समोर ठेवली. तारीख, वेळ, कुणाला दिसलं, कुठे लागलं, घरी फोन किती वाजता केला आणि शेवटच्या रकान्यात 'पुढे काय बदललं'. एका ओळीत लिहिलं होतं: चप्पल बदलली, पहाटे पाचला बाथरूमला स्वतःहून विचारणे. ही ओळ वाचून माझा निम्मा निर्णय झाला.

हॉस्पिटलला लागून असलेल्या ठिकाणाबद्दल वाईट बोलणं बरोबर होणार नाही. ऑक्सिजन, घशातला कफ ओढून काढणारं सक्शन, शिकलेल्या सिस्टर, डॉक्टर हाकेच्या अंतरावर. ज्याच्या गळ्यात नळी आहे, ज्याला पोटातून अन्न द्यावं लागतं किंवा ज्याची तब्येत दर आठवड्याला वरखाली होते, त्याच्यासाठी मी डोळे झाकून हेच सुचवेन. पण तो वॉर्ड आहे, घर नाही. सकाळी अकराला गेले तर सगळे पलंगावर, खुर्चीत एकही माणूस नाही. जवळपास प्रत्येकाला युरिन बॅग. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, ज्याला लागतं त्याला लागतंच, पण डायपर बदलायचा व्याप वाचतो म्हणून घातलेलं कॅथेटर हा निराळा प्रकार. जितके दिवस ते आत, तितकी जंतुसंसर्गाची भीती जास्त. म्हाताऱ्या माणसात तो संसर्ग तापाने कळेलच असं नाही. कालपर्यंत नीट असलेला माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागतो आणि सगळे म्हणतात, वय झालं.

तिथेच रात्रीच्या गोळीचा विषय निघाला. "त्रास दिला तर देतो एक, शांत राहतात." कसली गोळी, कुणाच्या सहीने, याला धड उत्तर नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना शांत ठेवायला दिल्या जाणाऱ्या मनोविकाराच्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली त्यांच्यावर छापायला लावला. बाबांना स्मृतिभ्रंश नाही. पण झोपेच्या गोळीने पहाटे तोल जातो, गुंगीत गिळणं बिघडतं आणि बाबांचं गिळणं मुळातच कच्चं.

बेलचं बघा. हॉस्पिटलवाल्यांच्या पलंगाला बेल उजव्या हाताला, भिंतीत. बाबांचा उजवा हात उचलत नाही. पलंग उलटा फिरवता येईल का, विचारलं. "वायरिंग तसंच आहे, ताई." तळ्याकाठी बेलची वायर गुंडाळून पलंगामागच्या हुकाला अडकवलेली, बहुतेक कुणी सारखी वाजवत असावं. बंगल्यात इलेक्ट्रिक बेल बंदच होती. डाव्या कठड्याला सुतळीने हातात मावेल एवढी घंटी बांधलेली. मी वाजवून पाहिली. स्वयंपाकघरातून मावशी पदराला हात पुसत आली आणि मला बघून म्हणाली, "तुम्ही होय!" आणि परत गेली.

आता बंगला. भिंतींचे पोपडे निघालेत, एका खोलीत तीन पलंग, बाथरूमचं दार एवढं अरुंद की व्हीलचेअर तिरकी करून घालावी लागते. सकाळी एका खोलीत लघवीचा वास होता, तासाभराने नव्हता. मला हे चाललं. चोवीस तास रूम फ्रेशनरचा वास येणाऱ्या जागेपेक्षा हे बरं.

जेवणाच्या वेळेला मुद्दाम गेले. मावशी स्टूल ओढून आजोबांच्या डोळ्यांना डोळे भिडतील अशी बसली होती. हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, गळ्याकडे नजर, घोट उतरला की मगच पुढचा. ताट संपल्यावर लगेच आडवं केलं नाही, अर्धा तास बसवून ठेवलं. पक्षाघाताच्या माणसाचं अन्न चुकून श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो, आणि तो टाळायची रीत हीच आहे, यंत्र काही लागत नाही. ही मावशी आधी तळ्याकाठी कामाला होती. तिथलं काय, विचारलं तर एवढंच म्हणाली, "माणसं बरी होती, हात कमी पडायचे." लहान शहराचा हा एक फायदा. कामाला असलेली माणसं या घरातून त्या घरात फिरत असतात आणि कुठे काय चालतं ते त्यांनाच माहीत असतं. मॅनेजरपेक्षा त्यांना विचारा.

दुसरा फायदा म्हणजे रात्री नऊनंतर सहज डोकावता येतं. तळ्याकाठी फाटकाला कुलूप, वॉचमनने फोन केल्यावर अख्ख्या मजल्यावर असलेली एकुलती एक मावशी झोपेतून उठून आली. बंगल्यात अठरा माणसांना दोन जणी, दोघीही जाग्या. अठराला दोन हेही मला कमीच वाटतं, पण निदान जागे डोळे होते.

बाबांना नेऊन दाखवलं. पटकन बोलता येत नाही म्हणून त्यांना वगळून ठरवायचं, हे मला पटत नव्हतं. हो-नाहीत उत्तर देता येईल असे प्रश्न विचारले. तळ्याकाठी त्यांनी मान हलवली नाही. बंगल्याच्या ओट्यावर खुर्ची लावली तर रस्ता दिसतो, माणसं दिसतात. तिथे मात्र डावा हात वर झाला. दादाचं तोंड अजून थोडं वाकडंच आहे.

करारनामा तिन्हीकडचा घरी आणून वाचला. महिन्याची रक्कम म्हणजे सगळं नव्हे. डायपर, ड्रेसिंग, फिजिओ, दवाखान्यात सोबत जाणारा माणूस, हे सगळं वरून. माणूस दवाखान्यात दाखल असताना पलंगाचे पैसे चालू राहतात का आणि अनामत किती दिवसांत परत मिळते, ही दोन कलमं आधी बघा. तळ्याकाठच्या करारात अनामत 'व्यवस्थापनाच्या निर्णयानुसार' परत मिळणार होती. असं वाक्य माझ्या शाखेत सापडलं असतं तर मी लाल पेन काढलं असतं.

बाबा आता बंगल्यात आहेत. पाठ आणि टाचा मी स्वतः बघते, स्वच्छ आहेत. तक्रारीही आहेत. कपडे अदलाबदल होतात. नाव शिवून दिलं तरी परवा कुणाचा तरी सदरा घालून बसले होते. हॉलमधला टीव्ही कान किटवतो. फिजिओ आठवड्यातून दोनदाच येतो, बाबांना रोज हवा. आणि सगळ्यात मोठी अडचण एअर बेडची. त्याची मोटर साध्या प्लगवर आहे, वीज गेली की हवा उतरत जाते आणि बाबांची पाठ थेट फळीवर येते. मोटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या म्हणून लेखी अर्ज दिलाय, पोच घेतलीय. मालक "बघतो" म्हणालेत. लाइन जोडून होईपर्यंत पाचपैकी साडेतीन, त्याच्या वर देणार नाही.