स्मार्ट टीव्हीचे सात महिने: चित्र झकास, पण लावायचा कोणी?

२०२५ साली २२ सप्टेंबरपासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि आमच्या घरात दोन वर्षं रेंगाळलेला विषय एकदाचा मार्गी लागला. दसऱ्याला ४३ इंची, फोर-के, गूगल टीव्हीवाला सेट घरी आला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण यातल्या निम्म्या तक्रारी नणंदेकडच्या दुसऱ्याच कंपनीच्या टीव्हीलाही लागू आहेत. निवड नवऱ्याची. त्याने पॅनल, रॅम, एचडीएमआयचे पोर्ट सगळं ताडून पाहिलं. दुपारी घरात एकट्या असणाऱ्या सासूबाई हा टीव्ही लावणार कशा, हे मात्र त्यालाही सुचलं नाही आणि मलाही.

चित्राबद्दल तक्रार नाही. मॅच, निसर्गाचे कार्यक्रम, मुलाची कार्टून्स, सगळं सुरेख दिसतं. आता रिमोटकडे येते.

जुन्या रिमोटवर चाळीसेक बटणं होती. सासूबाईंना त्यातली पाच-सहाच लागायची, पण ती अंधारातही सापडायची. नव्या रिमोटवर बटणं निम्मी, आकडे एकही नाही, आणि खालच्या बाजूला चार बटणं ओटीटी कंपन्यांची. त्यातल्या दोघांचं सबस्क्रिप्शन आमच्याकडे नाहीच. ही बटणं म्हणजे रिमोटवरच्या विकलेल्या जागा, कंपन्या त्यासाठी पैसे मोजतात. आवाज कमी करताना अंगठा जरा खाली घसरला की मालिका गायब आणि समोर पैसे भरायचं पान. म्यूटचं बटण शोधू नका, नाहीये. आवाज कमीचं बटण दाबून धरायचं, असं मुलाने शोधून काढलं.

आमच्याकडे सेट टॉप बॉक्स आहे, म्हणजे रिमोट दोन. सासूबाईंना चॅनेलचे नंबर पाठ आहेत, ते बॉक्सच्या रिमोटवर दाबायचे. पण टीव्ही चालू केला की आधी उघडतं ते होम स्क्रीन: सिनेमांची पोस्टरं, वर भली मोठी सरकती जाहिरात, कधीही न मागितलेल्या शिफारशी. सासूबाई त्याला ‘बाजार’ म्हणतात. नोव्हेंबरमध्ये एके दिवशी दुपारी चारला ऑफिसात फोन आला.

“अगं, टीव्ही परत बाजारात जाऊन बसलाय.”

“आई, त्या रिमोटवर एका चौकोनात बाण घुसलेलं बटण दिसतंय का?”

“चौकोन दिसतोय. बाण काही दिसत नाही. चष्मा लावू?”

चष्मा आला, बटण सापडलं, टीव्हीने चित्र कुठून घ्यायचं त्याची यादी उघडली. त्यांनी बॉक्स जोडलेल्या एचडीएमआय एकऐवजी दोन निवडलं. काळ्या पडद्यावर ‘नो सिग्नल’ आलं. सिग्नल नाही म्हणजे केबल गेली, असा सरळ हिशोब करून त्यांनी फोन ठेवला आणि केबलवाल्याला बोलावलं. तो आला, एक बटण दाबलं, चहा पिऊन गेला. पैसे घेतले नाहीत. पण तीस वर्षं या घरातला टीव्ही जिच्या हातात होता, तिला त्या दिवशी परक्या माणसासमोर ओशाळल्यासारखं झालं. त्यानंतर आठवडाभर त्यांनी दुपारचा टीव्हीच लावला नाही. “काही नाही गं, डोळे दुखतात,” म्हणाल्या.

यावर उपाय होता, तोही टीव्हीतच, आणि मला तो सापडला जानेवारीत. सेटिंग्ज, मग सिस्टीम, मग पॉवर. तिथे ‘चालू केल्यावर काय दाखवायचं’ असा पर्याय आहे. होमऐवजी शेवटचा इनपुट निवडला की टीव्ही थेट सेट टॉप बॉक्सवर उघडतो. तुमच्या टीव्हीत असेल तर आजच बदला. तीन पायऱ्या खाली हे कोण आणि कशासाठी दडवून ठेवतं, ते बाजाराची जागा कोणाला विकायची आहे यावरून समजून घ्या. तसं प्रोफाइलमध्ये जाऊन ‘फक्त ॲप्स’ असंही करता येतं. त्याने शिफारशींच्या रांगा गेल्या. वरची जाहिरात तशीच आहे.

दुसरं दुखणं बोर्डावरच्या बटणाचं. आमच्या पिढ्यान्पिढ्यांची शिस्त अशी की झोपण्यापूर्वी टीव्हीचं बटण बोर्डावरून बंद करायचं. वीज वाचते, विजा कडाडल्या तरी धास्ती नाही. पण हा टीव्ही म्हणजे आत एक मध्यम कुवतीचा कॉम्प्युटर. बोर्डावरून बंद केला की सकाळी पहिल्यापासून सुरुवात: कंपनीचा लोगो, मग गूगलचे रंगीत ठिपके, मग बाजार, आणि त्यानंतरही काही सेकंद रिमोट ऐकत नाही. मी घड्याळ लावून पाहिलं, ५२ सेकंद. तेवढ्यात सासूबाईंनी पॉवरचं बटण आणखी दोनदा दाबलेलं असतं, म्हणजे टीव्ही चालू होता होता बंद. सेवा केंद्रातला मुलगा म्हणाला, “मॅडम, स्टँडबायवरच ठेवत जा.” हे सासूबाईंना तुम्हीच सांगा.

माइकवर बोलून शोधायची सोय तर जाहिरातीत फारच मिरवली होती. आमच्या रिमोटला पहिल्याच दिवशी प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड चढलं. त्या पिशवीतून सासूबाई एका सकाळी प्रेमाने म्हणाल्या, “भूपाळी लाव.” टीव्हीने भोपाळचं हवामान दाखवलं. भाषा इंग्रजीवर होती हे खरं, बदलल्यावर सुधारलं हेही खरं. पण त्यांनी त्या बटणाला पुन्हा हात लावलेला नाही. उरतो पडद्यावरचा कीबोर्ड. बाण दाबत एकेक अक्षर गाठायचं, पासवर्डात कॅपिटल अक्षर आलं की वेगळी यात्रा. पाहुणे बघत असले की हमखास चुकतं.

चित्राचीही एक गोष्ट सांगायलाच हवी. सिनेमा पाहताना पहिले काही दिवस वाटायचं, हे मालिकेसारखं गुळगुळीत का दिसतंय? सिनेमा सेकंदाला २४ चौकटींत चित्रित होतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच कल्पून भरतो आणि हालचाल लोण्यासारखी करतो. मॅचला ठीक, सिनेमाची मात्र त्यात पार रया जाते. दर कंपनीने या सेटिंगला वेगळं नाव दिलंय, पण त्यात बहुधा ‘मोशन’ हा शब्द असतो. बंद करा. दुकानात असतो तसा ‘व्हिविड’ मोडही बदला, नाहीतर बातम्या देणाऱ्या बाई हळदीच्या अंगाने बसल्यासारख्या दिसतात.

आवाजाला मात्र सेटिंग पुरत नाही. टीव्ही पातळ झाले, स्पीकर खाली जमिनीकडे तोंड करून बसले. संवाद पुटपुटल्यासारखे येतात, म्हणून आवाज २८वर न्यायचा. मग जाहिरात लागली की खालच्या मजल्यावरचे काका बाल्कनीत येतात. शेवटी साउंडबार घ्यावा लागला. म्हणजे अजून एक रिमोट.

आणि पहिल्या दिवशी डोळे झाकून ‘मान्य’ केलेल्या त्या पानांबद्दल. तुम्ही काय पाहता हे टीव्ही पडद्यावरच्या चित्रावरून ओळखू शकतो, मग ते सेट टॉप बॉक्सवरून येवो की पेन ड्राइव्हवरून. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीने १ कोटी १० लाख टीव्हींवरून अशी माहिती परवानगीशिवाय गोळा केल्याचं प्रकरण २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून मिटवलं होतं. ते वाचून मी आमच्या टीव्हीतल्या प्रायव्हसीच्या पानात शिरले. चार खुणा काढल्या. टीव्ही तसाच चालतो, काहीही अडलं नाही.

घ्यावा का, असं विचाराल तर आता साधा टीव्ही या आकारात मिळणं कठीण, तेव्हा घ्यालच. पण दुकानात गेलात की पॅनलवर बोलणाऱ्या सेल्समनला थांबवा, रिमोट मागून घ्या आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या हातात द्या. केबल लावून दाखव म्हणावं.

आमच्याकडे तोडगा सासूबाईंनीच काढला. ओटीटीच्या चार बटणांवर काळी चिकटपट्टी मारली आहे, आणि त्या चौकोनात बाण घुसलेल्या बटणावर टिकली लावली आहे. उन्हाळ्यात ती घामाने सुटते. आत्ताची मरून आहे, तिसरी.