पेव्हरच्या फटींतली पॉलिमर वाळू : अख्खा पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

अंगणातल्या पेव्हर ब्लॉकच्या फटींत पॉलिमर वाळू, म्हणजे पाणी लागून सुकली की घट्ट धरणारा पदार्थ मिसळलेली वाळू, भरली होती. पहिल्याच जोराच्या पावसात फाटकाजवळच्या दोन ओळींतली वाळू वाहून गेली. तक्रार केल्यावर कंपनीकडून एका ओळीचं उत्तर आलं : पाणी बरोबर मारलं गेलेलं नाही. बरोबर म्हणजे किती, हे त्या उत्तरात नाही आणि पिशवीवरही नाही. पिशवीवर फक्त ‘हलकं पाणी शिंपडा’ एवढंच छापलेलं आहे. या मालाचं सगळं भलंबुरं या तीन शब्दांवर अवलंबून आहे, म्हणून हा अनुभव मुख्यतः पाण्याबद्दलच आहे.

काम नेहमीचंच. 200 बाय 100 मिमीचे, 60 मिमी जाडीचे ब्लॉक, फटी 3 ते 5 मिमी, खाली साधारण 30 मिमी जाडसर वाळूची गादी आणि तिच्याखाली थराथराने दाबलेली खडी. ये-जा माणसांची आणि दुचाकीची. चारचाकी फिरणार असेल तर ब्लॉक 80 मिमीचे घ्यावेत.

वाहून गेलेल्या ओळीतली उरलेली फट पातळ पेचकसाने उकरली की कारण लगेच दिसतं. वरचा बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढा थर दगडासारखा कडक आणि त्याखाली कोरडी, भुसभुशीत वाळू, अगदी पिशवीतून ओतावी तशी. पाणी वरच्या वर मुरलं, तेवढ्याच भागातलं पॉलिमर जागं झालं आणि बाकीची वाळू साधीच राहिली. चाकाच्या वजनाने ब्लॉक किंचित हलला की वरचा पापुद्रा तुटतो. मग आतली मोकळी वाळू काढायला पावसाला वेळ लागत नाही. ‘हलकं शिंपडा’ हे शब्दशः पाळलं की हेच होणार.

तरी कंपनीला जास्त पाण्याची भीती का वाटते, तेही समजून घ्यायला हवं. पाणी जास्त झालं किंवा धारेने मारलं तर पॉलिमर वाळूतून सुटून वर येतं, दुधासारखा फेस दिसतो आणि तो ब्लॉकवर वाळला की पांढरट पडदा बसतो. म्हणजे कमी पाण्याने पापुद्रा आणि जास्त पाण्याने पडदा. मधली वाट आहे, पण ती पिशवीवर लिहिलेली नाही.

ती अशी. पाइपला शॉवरचं तोंड लावायचं आणि धार थेट फटीवर न मारता पाणी वरून पावसासारखं पडू द्यायचं. एका वेळी दोन-तीन चौरस मीटरचाच तुकडा घ्यायचा. सुरुवात उताराच्या खालच्या टोकाकडून करायची. वरून सुरू केलं तर पाणी ओघळून पुढच्या कोरड्या भागात जातं आणि तिथली वाळू वेळेआधीच वरवर घट्ट होते. पहिला हात काही सेकंदांचा, वाळू जागेवर बसण्यापुरता. दोन-तीन मिनिटं थांबून दुसरा, मग तिसरा. फटीत पाणी मुरायचं थांबून वर चमकायला लागलं की हात थांबवायचा. फेस दिसला तर त्याच क्षणी थांबायचं आणि तो वाळायच्या आत ओल्या स्पंजने टिपून घ्यायचा.

पाणी पुरलं की नाही हे अंदाजावर सोडू नये. पहिला तुकडा झाला की एखाद्या कोपऱ्यातली, नजरेत न येणारी फट पेचकसाने उकरावी. ओला, गडद रंग निदान 35 ते 40 मिमी खोल गेलेला दिसला पाहिजे. नसेल तर आणखी एक हात मारायचा आणि पुन्हा उकरून बघायचं. किती हातांत काम होतं ते कळलं की तोच हिशेब पुढे सगळीकडे लावायचा आणि उकरलेली फट पुन्हा भरून टाकायची. या तपासणीला दोन मिनिटं लागतात. ती पिशवीवर छापली असती तर निम्म्या तक्रारी आल्याच नसत्या, असं माझं ठाम मत आहे. भर दुपारी तापलेल्या ब्लॉकवर हे काम करू नये. ब्लॉक पाणी शोषून घेतात आणि वरची वाळू आधी सुकते.

पाण्याआधीच्या कामात चुकण्यासारखं थोडंच आहे, पण ते चुकलं तर पाणी कितीही नीट मारून उपयोग नाही. ब्लॉक आणि फटी पूर्ण कोरड्या हव्यात. सकाळचं दवसुद्धा चालत नाही, कारण ओल्या पृष्ठभागावर वाळू चिकटते आणि पडदा तिथूनच सुरू होतो. वाळू खराट्याने फटींत ढकलायची, प्लेट कॉम्पॅक्टर (थरथरत दाबणारं सपाट पत्र्याचं यंत्र) खाली रबरी चटई लावून एकदा फिरवायचा, म्हणजे वाळू खाली बसते. मग पुन्हा भरायची. हा दुसरा हात बरेचजण टाळतात. कॉम्पॅक्टर नसेल तर फळी ठेवून तिच्यावर धुमस चालवावी. नुसत्या खराट्याने भरलेली फट आतून पोकळ राहते. शेवटी वाळू ब्लॉकच्या कडेपासून 3 मिमी खाली ठेवायची आणि ब्लॉकवरची बारीक धूळ ब्लोअर मंद ठेवून उडवायची. झाडूने ही धूळ पूर्ण जात नाही, आणि पांढऱ्या डागांचं मूळ तीच. काम झाल्यावर निदान 24 तास पाऊस नको.

बसलेल्या पडद्याबद्दल एक सावधगिरी. नव्या सिमेंटच्या ब्लॉकवर क्षारही पांढरे फुलतात आणि दोन्ही डाग कोरडे असताना सारखेच दिसतात. क्षार सौम्य आम्लाच्या क्लीनरने जातात. पॉलिमरच्या पडद्यावर आम्ल चालत नाही, तो गरम पाण्याने मऊ पाडून ब्रशने काढावा लागतो, आणि जितका लवकर तितका बरा. ओळख न पटवता थेट आम्ल ओतलं तर ब्लॉकचा रंग उडतो आणि पडदा तसाच राहतो.

आता मत बदलल्याचं सांगतो. पहिल्या पावसानंतर हा माल कुणाला सुचवला नसता. पण त्याच अंगणात, जिथे पाणी खोलवर गेलं होतं, तिथल्या फटी सगळा पावसाळा आणि नंतरचं ऊन काढून जागच्या जागी आहेत. गवत जवळजवळ नाही, मुंग्यांनी वर काढलेल्या वाळूचे ढीग नाहीत. उन्हात ब्लॉकच्या कडेला केसाएवढ्या भेगा पडल्या होत्या, त्या पुढच्या पावसात मिटल्या. हा माल भिजला की थोडा मऊ पडतो आणि सुकला की पुन्हा आवळतो, म्हणून हे जमतं. साध्या वाळूच्या फटीत एवढ्यात दोनदा भर घालावी लागली असती.

पण याच गुणामुळे काही जागी तो चालणारच नाही. बागेच्या नळाखाली, कुंड्यांच्या ताटल्यांखाली आणि दिवसभर सावलीत राहणाऱ्या भिंतीच्या कडेला फटी सुकायला वावच मिळत नाही. तिथे वाळू कायम चिवट, मऊ राहते, नखाने दाबली तर दबते आणि वर शेवाळ धरतं. अशा जागी धुतलेली साधी वाळू किंवा बारीक खडी भरावी, हेच योग्य. तीच गोष्ट चुकीच्या गादीची. ब्लॉकखाली बारीक कच टाकली असेल तर ती पाणी धरून ठेवते आणि फट खालून सतत ओली राहते. उतार मीटरला 15 ते 20 मिमी हवा, आणि घराच्या भिंतीपासून बाहेरच्या दिशेने. ब्लॉकची पातळी जोत्याच्या ओलरोधक थराच्या (ओल भिंतीत चढू न देणाऱ्या थराच्या) निदान 150 मिमी खाली हवी. कडेला सिमेंटमध्ये पक्का बसवलेला कर्ब (काठाचा दगड) नसेल तर ब्लॉक बाहेर सरकतात, फटी रुंदावतात, आणि मग कुठलीही वाळू टिकत नाही.

माल किती लागेल याचा हिशेब आधी करावा, कारण उघडलेली पिशवी हवेतली ओल धरते आणि काही आठवड्यांत तिचा गोळा होतो. या ब्लॉकला 3 मिमी फट असेल तर चौरस मीटरला साधारण 4 किलो वाळू लागते, म्हणजे 20 किलोच्या पिशवीत 5 चौरस मीटर. फट 5 मिमी झाली की हाच आकडा साडेसहा किलोवर जातो आणि पिशवी जेमतेम 3 चौरस मीटर पुरते. म्हणून ब्लॉक लावतानाच फट सारखी ठेवण्यात खरी बचत आहे. सांडलवंड धरून वर दहावा हिस्सा घ्यावा, त्यापेक्षा जास्त नको. हा माल महाग आहे आणि उरलेला टिकत नाही, त्यामुळे ‘असू दे एक पिशवी जास्त’ म्हणून घेतलेली पिशवी फेकावीच लागते.

वाहून गेलेल्या ओळी दुरुस्त करताना जुन्यावर पातळ थर ओतून भागत नाही, तो पहिल्या उन्हात पापुद्र्यासारखा सुटतो. फट निदान 40 मिमी खोल मोकळी करावी. प्रेशरचं पाणी वापरायचं तर तोंड फुटभर लांब आणि तिरकं धरावं, नाहीतर ब्लॉकखालची गादीही उपसली जाते. फटी पूर्ण सुकल्या की नवी वाळू भरायची, दाबायची, पुन्हा भरायची, टप्प्याटप्प्याने पाणी मारायचं आणि एका फटीत पेचकस घालून ओल किती खोल गेली ते बघायचं. फाटकाजवळच्या दोन्ही ओळी अशाच भरल्या आहेत, आणि त्यानंतरच्या पावसात तिथली वाळू हललेली नाही.