घरच्या पीसीबीसाठी ड्रेमेल ३०००: भोकांना दहापैकी दहा, ट्रॅकना सहा

छोट्या सर्किटचा पीसीबी, म्हणजे तांब्याचा थर असलेला सर्किट बोर्ड, करायला मी आता नको असलेलं तांबं विरघळवणारं फेरिक क्लोराइड घरात आणत नाही. त्याचे डाग बेसिनवरून निघत नाहीत आणि वापरलेलं, तांबं उतरलेलं पाणी मोरीत ओतायला मन धजत नाही. त्यापेक्षा ड्रेमेल ३००० या हातात धरायच्या छोट्या रोटरी मशीनने तांबं सरळ कोरून काढतो. ५५५ टायमर आयसीचा दिवा उघडझाप करणारा फ्लॅशर, ७८०५ या ५ व्होल्ट रेग्युलेटरचा पॉवर सप्लाय, एखादा रिले बोर्ड, एवढ्याला हे मस्त पुरतं.

बोर्डवर तांब्याचा थर साधारण ३५ मायक्रॉनचा, त्यामुळे व्ही आकाराच्या टोकदार बिटवर जोर द्यावाच लागत नाही. बोर्ड टेबलाला क्लॅम्प करा, स्टीलची पट्टी दाबून धरा, मशीन पेनासारखं धरा आणि हलक्या हाताने दोन-तीनदा ओढा. खालचा फिकट हिरवट फायबर दिसला की थांबा. सरळ रेघ सुरेख येते. वळणावर मात्र बिट पळतं. म्हणून सर्किट आधीच चौकोनी बेटांत, म्हणजे कोरलेल्या रेघांनी वेगळ्या झालेल्या तांब्याच्या तुकड्यांत, मांडावं. डीआयपी, म्हणजे दोन रांगांत पाय असलेल्या आयसीच्या शेजारच्या दोन पायांत २.५४ मिमी अंतर, तिथे हाताची कसोटी लागते. एसएमडीचा, म्हणजे भोकांशिवाय थेट तांब्यावर सोल्डर होणाऱ्या इवल्या भागांचा, विचारही नको. शेवटी पॉलिश पेपर फिरवून मल्टीमीटर बीपवर लावा आणि शेजारची बेटं तपासा. कडेला तांब्याचं एखादं कुसळ उरतं आणि शॉर्ट नेमका तिथेच होतो.

भोकं पाडायला मात्र या मशीनला तोड नाही. वेग मिनिटाला १०,००० ते ३३,००० फेरे, आणि बारीक कार्बाइड बिटला असाच वेग हवा. रेझिस्टरला ०.८ मिमी, १एन४००७ डायोड आणि पिन हेडरला १ मिमी. कार्बाइड कडक पण ठिसूळ, हात जरा तिरका झाला की कट्कन मोडतं. त्यामुळे २२० वर्कस्टेशन हा स्टँड सोबत घ्याच, मशीन सरळ खाली येतं. बिट ३.२ मिमी दांड्याचंच मागा. ते कॉलेटमध्ये, म्हणजे मशीनच्या बिट धरणाऱ्या पकडीत थेट बसतं, वेगळा चक लागत नाही आणि टोक डगमगत नाही.

काचेच्या फायबरची धूळ फुप्फुसात जाता कामा नये. मास्क आणि गॉगल लावल्याशिवाय मशीन सुरू करू नका, आणि धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने टिपा.

बिटं पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, मुंबईत लॅमिंग्टन रोडला बघा. ०.८ची जास्त घ्या, तीच आधी मोडतात.