विद्यापीठाचं ऐकायचं की दूतावासाचं?

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधल्या भारतीय मुलांपुढे हाच पेच होता. दूतावासाने १५ तारखेलाच तात्पुरतं मायदेशी परतण्याचा विचार करा, असं कळवलं. मेडिकल विद्यापीठांकडून मात्र ऑनलाइन वर्गांचं नक्की काही कळेना. हजेरी बुडेल, वर्ष वाया जाईल, म्हणून कितीतरी मुलं थांबली. अखेर २२ तारखेला दूतावासाला स्पष्ट सांगावं लागलं: विद्यापीठाच्या होकाराची वाट पाहू नका, निघा. २४ ला रशियाचा हल्ला झाला, विमानं बंद पडली. सुमी शहरात अडकलेल्या मुलांनी तहान भागवायला बर्फ वितळवला. त्यांची सुटका थेट ८ मार्चला.

एरवीच्या अडीअडचणीला विद्यापीठच जवळचं. हॉस्टेलची वॉर्डन रात्री-अपरात्री दार उघडते. दूतावास बहुधा लांबच्या राजधानीत, आणि नोंदणी नसेल तर तुम्ही तिथे आहात हेही त्याला ठाऊक नसतं. पण देश सोडायचा का, या प्रश्नावर माझं मत ठामपणे दूतावासाच्या बाजूने. विद्यापीठाला वर्ग चालवायचे असतात. सीमा ओलांडून देणं त्याच्या हातात नसतं.

तेव्हा पोचल्या पोचल्या दूतावासाकडे नोंदणी करा, खोली बदलली की पत्ताही बदला. आणि पालकांनो, फी भरलीय म्हणून मुलांना थांबवू नका.