डीएचएफआर धरू की डीएचओडीएच?

भाची एमएस्सीच्या प्रोजेक्टवर अडलीय: मलेरियाच्या परजीवीचं कुठलं एन्झाइम घेऊ, डीएचएफआर (डायहायड्रोफोलेट रिडक्टेज) की डीएचओडीएच (डायहायड्रोओरोटेट डिहायड्रोजनेज)? दोन्हींपैकी कुठलंही अडवलं तरी त्याच्या डीएनएचा कच्चा माल आटतो.

खटपट: डीएचएफआरसाठी तुलनेला पायरिमेथामिन (ते अडवणारं मलेरियाचं जुनं औषध) स्वस्तात मिळतं. डीएचओडीएचच्या चाचणीत निळा रंग फिका पडताना डोळ्यांना दिसतो (मजा येते!), पण हे प्रथिन पटलाला (पेशीतल्या पातळ पडद्याला) चिकटणारं, वेगळं काढताना छळतं.

टिकाव (प्रतिकारापुढे औषध किती तग धरतं): पायरिमेथामिनचा रेणू ताठ. डीएचएफआरच्या १०८व्या जागी सेरीनऐवजी ॲस्पॅराजीन (दोन्ही अमिनो आम्लं) आलं की औषधाचं क्लोरीनवालं टोक तिथे अडखळतं. पी२१८ (डीएचएफआरच अडवणारं प्रायोगिक औषध) लवचीक, म्हणून वाट काढतं. डीएसएम२६५ (परजीवीचं डीएचओडीएच अडवणारं प्रायोगिक औषध) माणसाच्या डीएचओडीएचला फारसं शिवत नाही, तरी पेरूतल्या चाचणीत काही रुग्णांमध्ये प्रतिकार उगवलाच.

प्रतिकार समजून घ्यायचा तर डीएचएफआर; नवा रेणू घडवायचाय आणि हाताशी वेळ आहे, तर डीएचओडीएच.